घाईची रेघ

१ ऑक्टोबर, मंगळवार

बेटाचा आदेश आला. तिसऱ्या अर्जाला यश, मुक्काम दोन वर्षं. बेटावर आमच्या हवामान वेधशाळेचं एक ठाणं आहे: एक निरीक्षक, एक मदतनीस, एक पर्जन्यमापक आणि असंख्य समुद्रपक्षी. डॉक्टर नाही, कुटुंब न्यायची सोय नाही, बोट महिन्यातून एकदा. पुढची पंधरा तारखेला सुटते. लेखी होकार सात तारखेपर्यंत हवा, आणि प्रकृती ठणठणीत असल्याचं स्वहस्ते लिहून द्यायचं.

घरी येऊन सांगितलं. नवरा जमिनीवर बसून कसलंसं यंत्र खोलत होता. तो लिफ्ट दुरुस्त करतो. सरकारी भाषेत लिफ्टला उद्वाहन म्हणतात आणि संस्कृतात उद्वाह म्हणजे लग्न. दोन्हींत माणूस मधल्या मजल्यावर अडकू शकतो. हा माझा विनोद चौदा वर्षांचा झाला, त्यामुळे तो आता हसत नाही.

"किती वर्षं?"

"दोन."

"बरं," तो म्हणाला, आणि जो नट सोडवत होता तोच पुन्हा आवळून बसवला.

आनंद झाला असावा. पुरुषांना आनंद झालेला कळायला वेळ लागतो.

३ ऑक्टोबर, गुरुवार

निरीक्षकाला न घडलेल्याचीही नोंद करावी लागते, म्हणून लिहिते. पाळी आज यायला हवी होती. आली नाही. तशी ती माझ्या रात्रपाळ्यांसारखीच आहे, वेळापत्रक भिंतीवर लावायचं आणि मग येईल तेव्हा यायचं. वयही आता एक्केचाळीस. आवराआवर सुरू झाली असेल.

दुसरी शक्यता लिहायचं कारण नाही. सहा वर्षांपूर्वी, सगळ्या तपासण्या आणि दोन डॉक्टर संपल्यावर आम्ही तो विषय बंद केला. आम्ही म्हणजे मी बोलले आणि तो गप्प बसला. मौनाला संमती मानायची पद्धत आहे.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

धाकटीला फोन केला. माझी ही बहीण तीन मुलांची आई असल्यामुळे या शास्त्रात तिचा शब्द प्रमाण.

"ताई, मळमळ?"

"नाही."

"वास येतात?"

"कसले?"

"कसलेही गं. कशाला फोन केलायस मग?"

"मला प्रकृतीचं लिहून द्यायचंय. खोटं नको. फाइल पूर्ण असलेली बरी."

"हो हो. फाइलीसाठीच," ती म्हणाली. तिच्या आवाजातलं हसू मला आवडलं नाही. "किट आण. सकाळची पहिली लघवी. बाकी सगळं पत्रकात असतं, तुला वाचायची हौस आहेच."

औषधाच्या दुकानातल्या बाईंनी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघत विचारलं, "मुलीसाठी का?"

"वेधशाळेसाठी," मी म्हणाले. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

रात्रपाळी करून सव्वासातला घरी. दर तीन तासांनी निरीक्षण, आणि दोन निरीक्षणांच्या मध्ये झोप लागू नये म्हणून चहा. असे पाच कप, वर बाटलीभर पाणी. चार मजले चढून आले (आमच्या इमारतीची लिफ्ट सात महिने बंद आहे, कारण तीत एक लिफ्टवाला राहतो) आणि पत्रकात म्हटल्याप्रमाणे, सकाळ उजाडल्यावर, पहिल्याच वेळी, चाचणी केली. घड्याळ लावून तीन मिनिटं.

एकच रेघ. म्हणजे नाही.

हायसं वाटलं. हायसं वाटलेलं माणूस न्हाणीघरात पाऊण तास का बसून राहतं, ते मात्र कळलं नाही.

दुपारी उठून बघते तो नवरा खिडकीत, हातात ती पट्टी, वर विजेरीचा झोत.

"कचऱ्यातून काढलीस?"

"आम्ही जळका फ्यूज फेकतानाही दोनदा बघतो. अगं, इथे काहीतरी आहे बघ."

होती खरी, राखाडी सावलीसारखी एक रेघ. पण तिला अर्थ नाही. दहा मिनिटांनंतर ओल वाळली की असे डाग उठतात, पत्रकातच लिहिलंय. मी त्याला समजावलं की सकाळी सहाचं तापमान कोणी दुपारी वाचत नाही. त्याने मान डोलावली आणि पट्टी पुसून शर्टाच्या खिशात ठेवली.

"खिशात कशाला?"

"असू दे."

६ ऑक्टोबर, रविवार

आज नवऱ्याने आमची लिफ्ट दुरुस्त केली. सात महिने अख्खी इमारत त्याच्या विनवण्या करत होती; आज कोणी चकार शब्द न काढता सकाळी सातला लिफ्टच्या खड्ड्यात उतरला आणि संध्याकाळी काळाठिक्कर होऊन वर आला. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "सूर्य कुठे उगवला आज?" तो म्हणाला, "नेहमीच्याच बाजूला." इतकंच.

मग लहान खोलीतल्या मोटारी, तारांची वेटोळी, कप्प्या, सगळं गच्चीवरच्या कोठीत नेऊन टाकलं. त्या खोलीची फरशी मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. निळसर आहे.

मी जायच्या आधीच याने घर आवरायला घेतलं. इतकी घाई बरी नव्हे. थोडं वाईट वाटलं. लिहून ठेवते.

७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी मोठेसाहेबांच्या टेबलावर होकार ठेवला. प्रकृती ठणठणीत, खाली सही. संध्याकाळी धाकटीचा फोन.

"मग? काय झालं त्या फाइलीचं?"

"उत्तर 'नाही' आलं."

"कधी केलीस?"

"शनिवारी सकाळी सव्वासातला. तू म्हणालीस तसंच."

"रात्री झोपली होतीस?"

"ड्यूटीवर झोपायला मला काय तुझ्यासारखी..."

"आणि चहा?"

"पाच कप."

"ताई, तू चहाची टेस्ट केलीस," ती म्हणाली.

तिने मला लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. सूर्याशी काही देणंघेणं नाही. भरपूर झोपून उठल्यावरची पहिली हवी. तास न् तास साठलेली, दाट. पाच कप चहा ओतल्यावर, असलं तरी काय दिसणार? आणि पाळी मुळातच लहरी असेल तर अठ्ठावीस दिवस मोजून ती 'चुकली' म्हणण्यात अर्थ नाही.

"मग मोजायचं कुठून?"

"म्हणजे बघ... शेवटचं कधी? तुमचं?"

"बावीस सप्टेंबर. रविवार."

"अगं बाई! तारीखवार?"

"निरीक्षक आहे मी."

"मग त्या रविवारपासून एकवीस दिवस मोज. त्याआधी 'आहे' आलं तर आहे. पण त्याआधी 'नाही' आलं तर ते अजून 'नाही' नसतं."

म्हणजे तेरा ऑक्टोबर. बोट पंधराला.

कॉलेजात संस्कृतच्या गुरुजींनी न्याय, म्हणजे तर्काचं शास्त्र, शिकवताना तीन आठवडे हेच घोकून घेतलं होतं. घडा दिसत नाही म्हणून घडा नाही, असं केव्हा म्हणावं? दिवा लावलेला असेल आणि घडा असता तर दिसला असता, तेव्हाच. या प्रकरणात मला पैकीच्या पैकी गुण होते. आणि मी काळोखात घडा शोधला, नाही म्हणाले आणि खाली सही ठोकली.

८ ऑक्टोबर, मंगळवार

साप्ताहिक सुट्टी. नऊ तास झोपले. तेरा तारखेपर्यंत थांबायचं, हे काल पक्कं ठरलं होतं. आज सकाळी सहाला ते ठरलेलं नव्हतं.

पहिली रेघ ठसठशीत. दुसरी फिकट गुलाबी. आहे म्हणावं तर दिसेना, नाही म्हणावं तर जाईना. पट्टी उजेडात धरली, सावलीत धरली, चष्मा लावून, चष्मा काढून. तीन मिनिटांच्या आतच उमटली होती, त्यामुळे वाळलेला डाग म्हणायची सोय नाही. लांबून दिसणाऱ्या आकृतीला खांब म्हणावं की माणूस, असा संशयाचा एक ठरलेला दाखला आहे. तो शिकताना आम्ही फार हसायचो. कोणाला न कळण्याइतका अंधार असतो कधी?

नवऱ्याला हाक मारली. त्याने पट्टी हातात घेतली नाही, दोन्ही हात पाठीमागे धरून वाकून बघितलं.

"आहे," तो म्हणाला.

"फिकट आहे."

"फिकट असली तरी आहेच की."

मग न खाताच कामाला निघाला. हत्यारांची पेटी विसरला, परत वर आला, गेला, किल्ली विसरला, परत आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा काय विसरलं होतं ते त्यालाही सांगता येईना. दारात उभा राहून म्हणाला, "काही जड उचलू नकोस." गडबडलेला दिसला. बेटाचं आता काय करायचं, याची काळजी असेल.

मला काय वाटलं? इथे मी चार वाक्यं लिहून खोडली आहेत.

९ ऑक्टोबर, बुधवार

मोठेसाहेबांकडे गेले.

"सर, माझा होकार परत घ्यायचाय."

"कारण?"

"प्रकृती."

"बाई, परवा ठणठणीत लिहिलंत. दोन दिवसांत काय झालं?"

"वाचन बदललं, सर."

तीस वर्षं हा माणूस खिडकीबाहेर न बघता पावसाचे अंदाज सांगतो आहे आणि निम्मे चुकतात. चष्म्यावरून माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "बोट सुटेपर्यंत तुमची जागा मी भरत नाही," म्हणाले. मी दारापर्यंत पोचले तेव्हा पुन्हा हाक. "आणि गच्चीवर हवामानाचे फुगे सोडायला उद्यापासून दुसरं कोणी जाईल. ती लोखंडी शिडी वाईट आहे."

याला कसं कळलं?

१० ऑक्टोबर, गुरुवार

डॉक्टरबाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील. पट्टी बघून म्हणाल्या, "इतक्या लवकर कशाला केलीत?"

"बोट आहे," मी म्हणाले. मग सगळं सांगावं लागलं.

रक्त दिलं. संध्याकाळी त्यातल्या गर्भाच्या संप्रेरकाचा आकडा आला: अडतीस. "आहे," त्या म्हणाल्या, "पण फार कोवळं आहे. परवा पुन्हा बघू. तोवर आकडा दुप्पट व्हायला हवा, निदान दीडपट तरी."

येताना नवऱ्याने मला लिफ्टमध्ये आत सोडलं, दार लावलं आणि स्वतः जिन्याने चालत वर आला. का, म्हणून विचारलं. "वजन," म्हणाला. ती लिफ्ट सहा माणसांची आहे.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आज काही नाही. दहा वेळा न्हाणीघरात जाऊन डाग आहे का बघितलं, दहाही वेळा काही नाही. काही नसण्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. अडतीसची दीडपट सत्तावन्न, दुप्पट शहात्तर. दोन्ही आकडे छान आहेत.

१२ ऑक्टोबर, शनिवार

सव्वीस.

डॉक्टरबाईंनी कागद आमच्याकडे वळवून ठेवला. "हे धरत नाहीये," त्या म्हणाल्या. "दोन-तीन दिवसांत पाळी येईल, थोडी जास्त जाईल. फार दुखलं तर लगेच या."

नवऱ्याने विचारलं, "काही बिघडलं कशाने? ती रात्री जागते, जिने चढली, चहा..."

"कशानेही नाही. चहाने नाही, जिन्याने नाही, जागरणाने नाही. असं पुष्कळांचं होतं, त्यांना कळतसुद्धा नाही. चार दिवस उशीर झाला म्हणतात आणि विसरतात." मग माझ्याकडे बघून, "एकवीसला या. आकडा शून्यावर गेला का बघू."

मी म्हणाले, "थँक्यू." बाहेर येऊन पुन्हा आत गेले आणि पुन्हा म्हणाले. का, माहीत नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार

आली. पहाटे, पावणेपाच.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

बोट सुटली नाही. समुद्र खवळलेला आहे. हा अंदाज मोठेसाहेबांचा होता आणि बरोबर आला.

त्यांचा फोन: "बाई, बोट आता बावीसला. जागा रिकामीच आहे. तुमचं... प्रकृतीचं काय ते बघून एकवीसच्या संध्याकाळी पाचपर्यंत कळवा. घाई नाही." एवढी मुदत देऊन घाई नाही म्हणणारा हा एकच माणूस.

नवऱ्याला सांगितलं.

"जा," तो म्हणाला.

"तुला चालेल?"

"तुला हवंच होतं ना बेट?"

"हो."

"मग जा."

माळ्यावरची ट्रंक काढून दिली त्याने, पुसून, कुलपाला तेल घालून. गच्चीवर नेलेलं सामान मात्र लहान खोलीत परत आणलेलं नाही. विसरला असेल. संध्याकाळी त्या रिकाम्या खोलीत उभा होता. मी विचारलं, काय बघतोस? "फरशी," म्हणाला.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

धाकटी फोनवर म्हणाली, "ताई, रागावू नकोस. पण थांबली असतीस तर कळलंही नसतं गं. पाळी लांबली म्हणाली असतीस आणि बोटीत बसली असतीस. मीच तुला ते सगळं शिकवलं. माझंच चुकलं."

बराच वेळ विचार केला. न कळतं तर बरं होतं, हे पटतं. कळलं ते बरं झालं, हेही पटतं. गुरुजींच्या वर्गात दोन्ही बाजू मांडून झाल्या की निर्णय सांगावा लागे. इथे दोन्ही बाजू मांडून झाल्यात आणि मी वर्गाबाहेर उभी आहे. मला माहीत आहे ते इतकंच की मंगळवारच्या सकाळपासून सोमवारच्या पहाटेपर्यंत ते आमच्या घरी होतं. सहा दिवस. त्यातल्या चार दिवसांत मी दोनदा गुणगुणले, हे आज भांडी घासताना आठवलं.

"तू का रडतेयस?" मी तिला विचारलं. "तुला तीन आहेत."

"म्हणूनच," ती म्हणाली.

हे काही कळलं नाही. पण फोनही ठेवला नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी पुन्हा होकार लिहिला, पाकिटात घातला, पाकीट पर्समध्ये. दवाखान्यातून परस्पर ऑफिसला जायचं, असा बेत. नवरा सोबत आला. गरज नव्हती. "त्या बाजूला एक लिफ्ट बघायचीय," म्हणाला. हत्यारांची पेटी घरीच होती.

आकडा शून्य. डॉक्टरबाई आत कोणाला तपासत होत्या, म्हणून नर्सबाईंनी आम्हाला बसवून फॉर्म भरायला घेतला. रात्रपाळी करून आलेल्या असाव्यात. तेवढं मी ओळखते.

"वय?"

"एक्केचाळीस."

"लग्नाला किती वर्षं?"

"चौदा."

"शेवटची पाळी? तारीख नसेल आठवत तर अंदाजे सांगा."

"चौदा ऑक्टोबर, पहाटे पावणेपाच."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग खाली घालून लिहिलं.

"मूल हवंय?"

"म्हणजे?"

"मूल हवंय का, हो की नाही. हो असेल तर तपासण्या निराळ्या, नाही असेल तर बाई गोळ्या लिहून देतील."

मी म्हणाले, वय बघता शक्यता कमीच आहे. त्या म्हणाल्या, शक्यतेचा रकाना बाई भरतात. मी म्हणाले, उद्या माझी बोट आहे. त्या म्हणाल्या, बोटीचा रकाना नाही. मग त्यांनी हातातलं पेन उलटं करून माझ्यापुढे धरलं. "तुम्हीच खूण करा. मागे रांग आहे."

दोन चौकोन होते. अगदी छोटे. तीन आठवडे मी रेघा पाहिल्या, दिवस मोजले, आकडे दीडपट करून ठेवले, आणि हा प्रश्न तेवढा कुठेच आला नव्हता. त्या पत्रकात नव्हता, धाकटीच्या बोलण्यात नव्हता, या वहीतही नाही. मी मघाशी सगळी पानं उलटून पाहिली.

'हो'वर खूण केली. ती चौकोनाबाहेर गेली.

इतका वेळ पंख्याकडे बघत बसलेला नवरा पुढे वाकला. नर्सबाईंना म्हणाला, "माझंही तेच लिहा."

"फॉर्मवर तुमचं मत विचारलेलं नाही हो."

"घरीही नाही विचारलेलं," तो म्हणाला.

नर्सबाई हसल्या. मला हसू आलं नाही. मी पेन खाली ठेवलं, खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि त्यांच्यादेखत त्याला विचारलं.